‘काही होत नाही गं!’

अगं, घरात कुत्रा आला की त्याला काय खायला घालावं हे सांगणाऱ्यांची रांग लागते. सोसायटीतले काका, वरच्या मजल्यावरच्या मॅडम, स्वयंपाकाची अक्का, आणि फोनवरून अख्खं गाव. सगळ्यांचं पालुपद एकच: ‘आमच्याकडचा सगळं खायचा, काही होत नाही गं!’ बंड्याला तू घरी आणलंस ते फार छान केलंस. देशी आहे, काटक आहे, बंगळूरच्या हवेत मजेत राहील. पण मला तुझ्याशी या एका वाक्याबद्दल जरा सविस्तर बोलायचंय.

हे वाक्य म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. गावाकडचा कुत्रा भाकरीचा तुकडा, ताक आणि उरलंसुरलं यावरच जगायचा. मात्र त्याच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यावर आमटी किती असायची, हेही बघ. आणि तो पाचव्या-सहाव्या वर्षी एक दिवस कोपऱ्यात पडून राहिला आणि गेला, तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून विषय संपायचा. त्याचं रक्त कुणी तपासलं होतं? शिवाय विष पोटात गेलं की लगेच तोंडाला फेस, हे सिनेमातलं. आपल्या स्वयंपाकघरातली बरीचशी विषं कुत्र्याला तास, दिवस, कधी आठवडाभर सावकाश गाठतात. तोवर खाल्लेलं आपण विसरलेलो असतो, आणि ‘काही झालं नाही’ अशी आपली खात्री पटलेली असते.

कांदा-लसणाचं बघ. आपल्या स्वयंपाकाची सुरुवातच तिथून. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींवर हल्ला करतात, पेशी ठिसूळ होऊन फुटायला लागतात आणि अंगातलं रक्त कमी होत जातं. कांदा शिजवला, तळला, वाळवला तरी हा गुण जात नाही. पूड केली तर वजनाच्या मानाने तो वाढतोच, म्हणून नूडल्सच्या मसाल्याची पुडी, सूपची पाकिटं, मसालेदार चिप्स हे सगळं त्यात आलं. लसूण तर कांद्याच्या काही पट जहाल. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आकडा असा की कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला की रक्तात ठळक बिघाड दिसतो. बंड्या १२ किलोचा धरला तर साधारण दोन मध्यम कांदे. तू म्हणशील, दोन कांदे कोण घालतंय त्याला! एका वेळी कोणीच नाही. पण सकाळी पोह्यांतला, दुपारी अक्काच्या पल्यातला म्हणजे भाजीतला, रात्री रश्श्यातला, असा रोज थोडाथोडा जात राहिला तर तोही साठतो. आणि एकदम जास्त गेला तरी लक्षणं दिसायला तीनचार दिवस लागतात. कुत्रा मलूल होतो, जिना चढताना धापा टाकतो, लघवी तांबूस-तपकिरी होते. तोपर्यंत रविवारची पावभाजी कोणाच्या लक्षात असते?

म्हणून एक गोष्ट आजच शिकून घे. बंड्या निवांत पडलेला असताना त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचल. सुळ्याच्या वरची हिरडी बघ. ती ओलसर आणि गुलाबी असते. तिच्यावर बोट दाबून सोड. पांढरा ठिपका उमटेल आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होईल. देशी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या किंवा चट्टेरी असतात. तशा असल्या तर खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघ. आठपंधरा दिवस असं बघत राहिलीस की त्याचा नेहमीचा रंग तुझ्या डोळ्यांत बसेल, आणि मग कधी तो फिका पडला, पिवळट दिसला तर कोणाला विचारायला लागणार नाही. ऊठ आणि डॉक्टर गाठ. हिरडी बघू देणारा कुत्रा दवाखान्यातही त्रास देत नाही, हा वरचा फायदा.

आता द्राक्षं आणि बेदाणे. यात मला तुझी जास्त काळजी वाटते, कारण आपल्याला ती ‘पौष्टिक’ वाटतात. दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूरकडून येणारी ती काळी, आंबटगोड ‘बंगळूर ब्ल्यू’ हंगामात गाड्यांवर ढिगाने असते, आणि बेदाण्यांची पिशवी तर तू तासगावहूनच आणतेस. द्राक्षं खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पंचवीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा मदत केंद्रातल्या पशुवैद्यांच्या ध्यानात आलं. का होतात, ते मात्र वीस वर्षं कळत नव्हतं. एक कुत्रा वाडगाभर खाऊन ठणठणीत, दुसरा मूठभर खाऊन अत्यवस्थ. मग एका कुत्र्याने पोरांसाठी घरी मळलेली खेळायची माती खाल्ली. तिच्यात क्रीम ऑफ टार्टार होतं, आणि त्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षांच्या विषबाधेसारखी निघाली. त्यावरून २०२१ मध्ये त्या केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे ते कमीजास्त असतं, म्हणून एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही. किती चालतील हे त्यामुळे सांगता येत नाही, आणि म्हणून एकही नको. उलटी बहुधा पहिल्या दिवसातच होते. मूत्रपिंडं बिघडल्याचं कळायला एक ते तीन दिवस जातात, आणि लघवी बंद झाली की मग डॉक्टरांच्याही हातात फार उरत नाही.

टार्टारिक आम्ल म्हटल्यावर तुला काय आठवलं? मला चिंच आठवली. फळांमध्ये हे आम्ल सगळ्यात जास्त कोणात असेल तर चिंचेत. त्याच पशुवैद्यांनी पुढे चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या केसेसही नोंदवल्या. इंग्रजी याद्यांमध्ये चिंच सहसा नसते, कारण त्या याद्या करणाऱ्यांच्या घरी चिंचेची बरणी नसते. आपल्याकडे चिंचगुळाची आमटी, आणि या गावात तर सांबार, सारू, पुळियोगरे, बिसी बेळे भात, गोज्जू. चिंचेशिवाय बंगळूरची पंगत उठत नाही. सांबाराचे चार थेंब चाटून बंड्या मरणार नाही, घाबरू नकोस. पण कोळ काढून उरलेला चोथा, चिंचेचा गोळा, पुळियोगरेची पेस्ट यांच्या जवळपास तो जाता कामा नये. देवनहळ्ळीजवळ नल्लूरचं चिंचवन आहे, २००७ मध्ये देशातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं. शनिवारी सहलीला जाशील तिथे. जा, बघण्यासारखं आहे, पण बंड्याला घरी ठेव, नाहीतर दोरी आखूड धर. खाली पडलेल्या चिंचा तो हुंगणारच. आमसुलातलं आम्ल वेगळं, हे तू लगेच म्हणशील. बरोबर आहे. पण आमसुलाच्या आमटीतही लसणाची फोडणी असतेच ना?

इथल्या दर्शिनीत नाश्त्याला चौचौ बात मिळतो, एका ताटलीत खारा बात आणि केसरी बात. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला बेदाणे. बंड्यासाठी त्या ताटलीत कोपराही सुरक्षित नाही. आपल्याकडचा सत्यनारायणाचा शिरा तसाच, पंचखाद्यातली खिसमिस तशीच. आणि डिसेंबरात कंटोन्मेंटकडच्या बेकऱ्यांतून ख्रिसमसचा केक घरोघरी येतो, त्यात तर रममध्ये मुरवलेले बेदाणे. मूत्रपिंडाला द्राक्ष आणि वर दारू. कुत्र्याला दारू फार थोडी पुरते, आणि बिअरचा घोट पाजून व्हिडिओ काढणारा कोणी तुमच्या पार्टीत असेल तर त्याला दार दाखव. इथे भिडेखातर गप्प बसू नकोस.

चॉकलेटचं तुला माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव की घात थिओब्रोमिनचा असतो, आणि तो चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितका जास्त. कुत्र्याच्या शरीरातून त्यातलं निम्मं बाहेर पडायला सतराअठरा तास लागतात. १२ किलोच्या कुत्र्याला उलट्या आणि अस्वस्थपणा सुरू व्हायला दुधाचं चॉकलेट शंभर-सव्वाशे ग्रॅम लागेल, डार्क चॉकलेट पन्नासेक ग्रॅम, आणि नुसता कोको दोन मोठे चमचे पुरे. डब्यातल्या कोकोची भीती वाटीभर चॉकलेटांपेक्षा जास्त बाळग. याहून अधिक गेलं तर काळीज धडधडतं, झटके येतात.

कॉफीतलं कॅफिन हे थिओब्रोमिनचंच भावंड. आता तुझ्या ओट्यावरचा तो पितळी फिल्टर बघ. सकाळी डिकॉक्शन उतरलं की वरच्या भांड्यात दाबलेली ओली पूड उरते. ती तू भांडं उलटं करून, बुडावर एक थाप मारून ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकतेस. त्या पुडीत कॅफिन अजून असतंच. त्याच डब्यात कांद्याची सालं, चिंचेचा चोथा, आंब्याची कोय, कोंबडीची हाडं. आणि आपल्या या शिस्तीच्या शहरात रात्री तो डबा सकाळच्या गाडीसाठी दाराबाहेर, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवला जातो! माझं ऐकशील तर बंड्यासाठी पहिली खरेदी गादीची करू नकोस, घट्ट झाकणाच्या कचऱ्याच्या डब्याची कर. कुत्र्यांना ताटातून विषबाधा होते तशी कचऱ्यातूनही होते, आणि कचऱ्यातली कळतही नाही.

एक विष मात्र अजिबात वाट बघत नाही. झायलिटॉल. शुगरफ्री च्युइंगगममध्ये, काही टूथपेस्ट-माऊथवॉशमध्ये, कधी खोकल्याच्या औषधात आणि ‘नो शुगर’ म्हणून मिरवणाऱ्या पीनट बटरमध्ये किंवा बेकरीच्या मालात असतं. आपल्याला ते निरुपद्रवी. कुत्र्याच्या शरीराला मात्र ते साखरच वाटतं, इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातली खरी साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. कुत्रा झोकांड्या खातो, कोसळतो, झटके येतात. प्रमाण जास्त असेल तर पुढे यकृतही जातं. १२ किलोच्या कुत्र्याला सव्वा ग्रॅम झायलिटॉल धोक्याचं, म्हणजे काही च्युइंगगमच्या दोनचार गोळ्याच. तुझी ऑफिसची बॅग रोज सोफ्याशेजारी जमिनीवर पडलेली असते ना, पुढच्या कप्प्यात गमची डबी? बॅगेला भिंतीवर खुंटी ठोक. आणि बंड्याला गोळी भरवायला पीनट बटर आणशील तेव्हा डबी उलटी करून घटक वाच. झायलिटॉल कधी ई-९६७ या नावानेही लपलेलं असतं. शेंगदाणे घरी भाजून मिक्सरला फिरवलेस तर प्रश्नच मिटला. मीठ-साखर काही घालू नकोस.

बाकीचं भराभर सांगते. इथे ज्यूसच्या दुकानात बटर फ्रूट मिळतं, म्हणजे आपला अव्होकाडो. त्याच्या विषाचा बभ्रा कुत्र्यांच्या बाबतीत जरा जास्तच झालाय. खरी भीती त्या गुळगुळीत बीची, घशात नाहीतर आतड्यात अडकते. आंब्याची कोयही तशीच. शिजलेली हाडं चिरफाळतात आणि आतडं फाडतात, त्यामुळे दोन्ने बिर्याणीचा उरलेला द्रोण दाखवायचासुद्धा नाही. मॅकाडेमिया नावाचे महागडे दाणे परदेशातून कोणी आणले तर ते तूच खा. कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, दोनेक दिवसांत सावरतो, पण आपला जीव अर्धा होतो. पिझ्झासाठी मळलेली यीस्टची कच्ची कणीक पोटात गेली तर तिथेच फुगते आणि मद्यार्क तयार होतो. दिवाळीच्या तळणाने स्वादुपिंडाला सूज येते; कुत्रा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरून ताणत राहिला तर पोट दुखतंय समज. दूध विष नाही, जुलाब झाले तर बंद कर. आणि हे खाणं नव्हे, तरी सांगते: ताप आला म्हणून, लंगडतो म्हणून आपल्या डब्यातली तापाची, अंगदुखीची गोळी त्याला कधीही देऊ नकोस. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन यांनी लाडाकोडाची कुत्री गेलेली आहेत.

शेजारचे काका बंड्याचे लांब पाय बघून त्याच्यात मुधोळचं रक्त आहे म्हणतात. असेल बापडं. घोरपडे राजांनी नावारूपाला आणलेली ती जात, आपल्याकडे कारवानी म्हणतात तिला. पण मुधोळ असो, देशी असो की गल्लीतला कोणी, कांदा सगळ्यांच्या रक्ताला सारखाच लागतो. फरक पडतो तो वजनाने, आणि म्हणून बंड्याचं नेमकं वजन तुला माहीत हवं.

गल्लीतल्यांचं निघालंच म्हणून. २०२५ च्या जुलैमध्ये इथल्या पालिकेने सुमारे ५,००० भटक्या कुत्र्यांना रोज कोंबडी-भात द्यायची निविदा काढली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! ‘माणसांना खड्डे आणि कुत्र्यांना चिकन’ अशी थट्टा झाली. पैशांचं काय ते ज्यांचं त्यांनी भांडावं. मी आपली छापून आलेला जेवणाचा तपशील वाचत होते: १५० ग्रॅम चिकन, १०० ग्रॅम भात, १०० ग्रॅम भाज्या, १० ग्रॅम तेल. कांदा-लसणाचं नाव नाही. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जण आपल्या घरच्या कुत्र्याला इतका विचार करून वाढतात, कोण जाणे. तुझ्या गेटवरचा वॉचमन रोज अय्यंगार बेकरीतला खारा बन दोन कुत्र्यांना मोडून घालतो. माया आहे त्याच्यात, पण त्या बनमध्ये चिरलेला कांदा असतो. त्याला न दुखवता साधा बन नाहीतर उकडलेलं अंडं सुचव. घरी अक्कालाही नीट समजाव. तुझी कन्नड अजून कच्ची आहे, पण हे पाठ कर: ‘नायिगे ईरुळ्ळी कोडबेडी.’ कुत्र्याला कांदा देऊ नका. हसेल ती तुझ्या उच्चाराला, पण ऐकेल.

मग त्याने खायचं काय? पुष्कळ आहे. मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं, गाजर, लाल भोपळा, बिनफोडणीचा दहीभात, ज्वारीची भाकरी, नाचणीची मुद्दे, साधी इडली, केळ्याचा तुकडा, बी काढलेलं सफरचंद. अक्काला सांग, फोडणी घालण्याआधी त्याचं बाजूला काढायचं. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

आणि एवढं करूनही काही गिळलंच तर? इथे माणसं हमखास घोळ घालतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. त्या मिठाचीच विषबाधा होऊन कुत्रा दगावू शकतो. दूध, तूप, लिंबू, हळद काहीही पाजायचं नाही. मोबाइलवर सापडलेले पेरॉक्साइडचे उपाय आपल्या मनाने करायचे नाहीत. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे कागदावर लिही, वेष्टन किंवा उरलेला तुकडा पिशवीत घाल आणि डॉक्टरांना फोन लाव. उलटी करवायची असेल तर पहिल्या दोनेक तासांतच तिचा खरा उपयोग, आणि ती करवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. ‘बघू सकाळपर्यंत’ हे ऐकायचं नाही, कोणीही म्हटलं तरी. हेब्बाळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, त्याचा दवाखाना नामांकित आहे. पण तू राहतेस सर्जापूर रोडला. संध्याकाळी सातला हेब्बाळ गाठेपर्यंत ते दोन तास रस्त्यातच जातील. म्हणून तुझ्याच बाजूचा, रात्रभर उघडा असणारा दवाखाना आत्ताच शोध. एकदा साध्या लसीच्या निमित्ताने जाऊन ये, त्यांच्याकडे बंड्याची फाइल करून घे, तिथल्या काट्यावर वजनही होईल. रात्री कुत्रा गाडीत घेणारा ड्रायव्हर कोण, तेही विचारून ठेव. ऐन वेळी ‘नायी बेडा मॅडम’ म्हणून तिघेचौघे निघून जातात.

राहिली आई. गणपतीत ती तुझ्याकडे येणार, बेसनाचे लाडू आणणार, प्रत्येकावर एकेक बेदाणा टोचलेला, आणि बंड्याने तोंड वर करून बघितलं की तिला राहवणार नाही. तू काही बोललीस तर ‘तुम्हाला वाढवलं की मी’ म्हणून रुसून बसेल. तू बोलू नकोस, मीच फोन करते. बंड्याचा वेगळा नैवेद्य आहे, उकडीचा एक साधा गोळा, सारण न घालता, तो तुझ्याच हातचा लागतो, असं सांगते. ऐकेल बहुतेक. तरी लाडवांचा डबा तू तुझ्या कपाटात ठेव आणि किल्ली लाव, कारण दुपारी तू कामाला बसलीस की घरात ती दोघंच असणार आहेत.